हाळी नसलेली सकाळ

फाल्गुन सरत आला की माझं डोकं फिरतं, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. सून शेजारणीला सांगते, आईंना ऊन सोसत नाही. ऊन कसलं घेऊन बसलीस बाई, चंद्रपूरच्या उन्हात माझा सगळा जन्म वाळला, ते आता नव्यानं काय करणार. डोकं फिरतं ते मोहाच्या वासानं. गावाकडचं कोणी तरी पिशवीभर मोहफुलं आणून देतं, सून ती गच्चीवर पसरते, आणि तो गोड, आंबूस, नाकात ठाण मांडणारा वास जिन्यावरून खाली उतरतो. लोकांना त्या वासानं दारू आठवते. मला शाळेचं अंगण आठवतं आणि रक्त आठवतं. मग मी कोणावर तरी खेकसते आणि त्या दिवशीचा स्वयंपाक खारट होतो.

यंदा त्यात नातीची भर पडली. पोरगी इथल्या सरकारी शाळेत जाते. संक्रांत झाल्यावर शाळेनं नवीन टूम काढली. वर्गात इंग्रजी, मैदानावर इंग्रजी, पाणी मागायचं तेही इंग्रजीत. गरिबाच्या पोरांनीच मागं का राहायचं, असं बाईंनी पालकांच्या सभेत विचारलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, खोटं कशाला बोलू. पुढं एके दिवशी नात घरी आली, तिच्यापुढं पोह्यांची बशी ठेवली आणि सहज विचारलं, "आज शाळेत काय काय बोललीस गं?" ती म्हणाली, "काहीच नाही. बोलायचंच नसतं ना." इतकं म्हणून ती शेंगदाणे वेचून खायला लागली. 

इंग्रजीशी माझं भांडण नाही, हे आधीच सांगून टाकते. नाही तर उद्या कोणी म्हणेल, म्हातारी जुन्या वळणाची आहे. अहो, इंग्रजी शिकवूनच मी जन्मभर भाकरी खाल्ली. मुलींच्या शाळेत शिकवली, तीही अशी की पोरी आजही रस्त्यात भेटल्या तर इंग्रजीत हाक मारतात. माझं भांडण वेगळ्याच गोष्टीशी आहे, आणि ते काय, हे दोन वाक्यांत सांगता आलं असतं तर हा सगळा खटाटोप केला नसता.

आमचं गाव पळसटोला. वैनगंगेच्या पलीकडं, झाडीत. तेव्हा गडचिरोली निराळा जिल्हा नव्हता, सगळं चांदाच, म्हणजे आताचं चंद्रपूर. स्वातंत्र्य येऊन काही वर्षं झाली होती, पण आमच्याकडं ते बैलगाडीनं येत असावं. गावाच्या एका अंगाला आमच्यासारखी धान पिकवणारी घरं, मधे नाला, नाल्यापलीकडं गोंडांचा पाडा. पाड्यावरची पोरं आणि आम्ही एकाच नाल्यात डुंबायचो, त्यामुळं मला गोंडी येत होती आणि त्यांना मराठी. कोणी शिकवली नव्हती. सोमी ही पाड्यावरची, चैतूभाऊची लेक, माझ्याच वयाची आणि माझी जिवाभावाची. माझ्या आईच्या मते आम्हा दोघींच्या तोंडाला झाकणच नव्हतं.

मोहाचा हंगाम कोणी फार गोड करून सांगायला लागलं की मला चीड येते. तो हंगाम मुळात क्रूर असतो. फुलं पडायच्या आधी लोक झाडाखालचा पालापाचोळा पेटवतात, म्हणजे काळ्या राखेवर पिवळी फुलं नजरेला पडावीत. पहाटेपासून जंगलभर धूर. पायाखालून साप पळतात. पाय भाजलेला ससा एकदा आमच्या दारापर्यंत आला होता आणि कुत्र्यांनी त्याला आमच्या डोळ्यांदेखत फाडला. आणि फुलांवर माणसाइतकाच हक्क सांगणारं दुसरं जनावर म्हणजे अस्वल. ते मान खाली घालून खातं. त्याला दिसतं कमी, ऐकू येतं कमी, आणि अचानक माणूस पुढ्यात आला की ते दोन पायांवर उभं राहून सरळ तोंडाला हात घालतं. दरवर्षी आमच्या पंचक्रोशीत कोणाचं तरी तोंड जायचं. डोळा, नाक, ओठ, जे नखांत येईल ते.

म्हणून मोह वेचायला कोणी मुक्यानं जात नाही. हाळी देत जातात. एका झाडाखालून बाई लांब आवाज काढते, दुसऱ्या झाडाखालून तिला उत्तर येतं, मग तिसऱ्या. शब्द नसतात तिच्यात, नुसता सूर, वर चढून शेवटी तुटणारा. माणसांना एकमेकींचा पत्ता लागतो आणि अस्वलालाही कळतं की इकडं माणसं आहेत, ते आपलं निघून जातं. हाळी नसेल तेव्हा बडबड. माझी आई टोपली डोक्यावर देताना दरवर्षी तेच सांगायची, "वेचता वेचता बोलत राह्य. बोलाले कोणी नसन त झाडासंग बोल."

झाडंही वाटलेली असत. जमीन सरकारची, जंगल सरकारचं, पण कोणतं मोहाचं झाड कोणत्या घराचं, हे आज्या-पणज्यांपासून ठरलेलं. कोणी दुसऱ्याच्या झाडाखालचं फूल उचलत नसे. चैतूभाऊच्या वाट्याची झाडं जिथं होती, तिथंच पुढं शाळा बांधली गेली. त्यामुळं शाळेच्या अंगणातली झाडं सोमीच्या घरची, आणि शाळा भरण्याआधी ती फुलं वेचण्याचं काम सोमीचं. तिच्यासोबत मी असायची, उगाच, गप्पांसाठी.

आणि मग गुरुजी आले.

काटकुळा माणूस, पांढरा सदरा, भांग असा की पट्टीनं रेघ मारावी. मराठी इतकी स्वच्छ बोलायचे की आम्हाला ते नागपूरकडचे कोणी वाटले. कोणाकडं जेवायला जात नसत, कोणाच्या ओसरीवर टेकत नसत. पहिल्याच दिवशी त्यांनी आम्हा पोरांना सांगितलं, "चांद्याच्या वकिलाचा मुलगा जे शिकतो, ते तुम्ही शिकणार. तसंच शिकणार." वरून असा काही हुकूम नव्हता. उलट वरच्या लोकांचे ते दिवस इंग्रजी मागं ढकलण्याचे होते. पण या माणसाच्या डोक्यात भूत शिरलं होतं की झाडीतल्या पोरांना इंग्रजीत बुडवून काढायचं, एकदम, नाका-तोंडात पाणी जाईस्तोवर. त्यांनी नाल्यातले दगड आणले, चुन्यात बुडवले आणि शाळेच्या अंगणाभोवती स्वतःच्या हातानं ओळीनं मांडले. त्या पांढऱ्या दगडांच्या आत इंग्रजीखेरीज शब्द काढायचा नाही.

शिकवायचे मात्र असे की काय सांगू. उडी मारायचे आणि मारता मारता सांगायचे, मी उडी मारतो आहे. पाणी प्यायचे आणि सांगायचे, मी पाणी पितो आहे. झाडावर चढले, रडून दाखवलं, बैल होऊन टेबलाखाली शिरले. पहिले काही दिवस आम्ही हसून हसून लोळलो. पुढं मी जी काही शिक्षिका झाले, ती त्यांच्याच उड्या मारून झाले, हे कबूल करायला मला लाज नाही.

पण त्यांच्या टेबलावर चिंचेचा ओला फोक असायचा. मराठी शब्द निघाला की फटके. गोंडी निघाली की त्याच्या दुप्पट. दुप्पट का, ते तेव्हा कळलं नाही, आम्हाला वाटलं असेल काही नियम. दुसऱ्याच्या तोंडून ऐकून ज्यानं सांगितलं नाही, त्यालाही फटके. एका पोराला बाहेर जायचं होतं, त्याला ते इंग्रजीत मागता येईना, त्यानं बसल्या जागी कपडे ओले केले, आणि त्यासाठीही त्यानं मार खाल्ला. सोमी एकदा माझ्या केसांत अडकलेलं पान काढताना गोंडीत काही तरी पुटपुटली. गुरुजींनी तिचा तळहात असा सोलला की दोन दिवस तिला टोपली धरता येईना. मारताना त्यांचा चेहरा रागावलेला नसायचा, घाबरलेला असायचा. हे मला आता, इतक्या वर्षांनी, जाणवतं. तेव्हा मला फक्त तो फोक दिसायचा आणि त्यांच्या डोक्यात धोंडा घालावासा वाटायचा.

घरी सांगायची सोय नव्हती. सगळे बाप एकच म्हणत, मारा पण शिकवा. चैतूभाऊही तेच म्हणाला होता. इंग्रजी आम्हाला किती आली ते देव जाणे, मुकं राहणं मात्र लवकर आलं. दगडांच्या आत पाऊल पडलं की जीभ आपोआप टाळ्याला चिकटायची.

सोमीला मात्र इंग्रजी खरंच आली. ती ऐकलेलं विसरत नसे. गुरुजींनी एके दिवशी चैतूभाऊला बोलावून सांगितलं की चांद्याला मुलींचं बोर्डिंग आहे, तिथं एक जागा मिळण्यासारखी आहे, उन्हाळ्याच्या सुटीआधी शाळाखात्याचे डिप्टीसाहेब तपासणीला येतील, त्यांच्यापुढं पोरगी इंग्रजीत बोलली की काम झालं. चैतूभाऊनं विचारलं, "अन् तिथी जाऊन काय होईन?" गुरुजी म्हणाले, "तिला जे व्हायचं असेल ते."

तिला नर्स व्हायचं होतं. आठवडी बाजारात देवीची लस टोचायला एक बाई यायची, कडक इस्त्रीचं पांढरं लुगडं, पायात बूट, आणि मोठमोठे मिशीवाले बाप्पे तिच्यापुढं हात उघडा करून मुकाट्यानं उभे. सोमी ते बघत राहायची. घरी येताना मला म्हणायची, "मी बी तशीच टोचीन. पयले गुरुजीले टोचीन." आम्ही खूप हसायचो. त्या जागेसाठी तिनं मार सोसला, एवढं मला ठाऊक आहे. नाही तर तिच्यासारखी पोरगी तो फोक मोडून चुलीत घालती.

चैत्र लागला, सकाळची शाळा सुरू झाली. त्या दिवशी आम्ही दोघी उजाडता उजाडता निघालो. वाटेभर सोमीचं तोंड चालू होतं, तिच्या मामाच्या लग्नात कोण कोण दारू पिऊन पडलं ते ती नावानिशी सांगत होती. दूर जंगलात बायांच्या हाळ्या चालल्या होत्या. पांढरे दगड आले. सोमीचं वाक्य अर्धं होतं, ते तिनं तिथंच सोडलं. आणखी काही पोरं शाळेसाठी आधीच येऊन दुसऱ्या झाडाखाली उभी होती, तीही गप्प. गुरुजी मागच्या खोलीत राहायचे, खिडकी उघडी असायची, कोण जाणे केव्हा कानावर पडेल. रात्री जाळलेल्या पाल्याचा धूर अजून जमिनीलगत होता. मी एका बुंध्यापाशी बसले, सोमी वाकून वेचत वेचत पलीकडच्या झाडाकडं गेली. फुलं टोपलीत पडत होती तेवढाच आवाज.

अस्वल त्या झाडामागं केव्हापासून होतं, कोणाला ठाऊक. त्यालाही आमचा पत्ता नव्हता. सोमी बुंध्याला वळसा घालून गेली आणि त्याच्या तोंडासमोरच उभी राहिली. मला आधी फुंकरल्यासारखा आवाज आला, मग ते उभं राहिलेलं दिसलं, काळं, छातीवर पांढरा पट्टा. त्यानं तिला मिठीत घेतलं असं वाटलं. मग तिचं तोंड दिसेना, नुसतं लाल दिसलं. माझी दातखीळ बसली. सगळी पोरं जिथल्या तिथं उभी. इतका वेळ झाला तरी आमच्यातल्या एकाच्याही तोंडातून आवाज नाही. सोमीच्यासुद्धा नाही. मला आजही स्वप्नात ती शांतताच ऐकू येते, अस्वल नाही.

मग हाळी आली.

मोह वेचणाऱ्यांची हाळी, वर चढून शेवटी तुटणारी, अगदी पाड्यावरच्या बाया देतात तशी. खोलीतून गुरुजी धावत येत होते, अंगात नुसती बंडी, हातात तो फोक, आणि हाळी देत होते. ते अस्वलावर तुटून पडले. त्या काडीनं त्याच्या तोंडावर, डोळ्यांवर सपासप मारत सुटले आणि गोंडीत ओरडत होते, सोड तिला, पोर आहे, सोड, मला घे. अस्वलानं सोमीला टाकलं आणि त्यांची मांडी धरली. हाडापर्यंत मांस फाटलं. तोवर जंगलातल्या बाया हाळी देत, डबे बडवत धावत आल्या आणि ते जनावर धुरात निघून गेलं. गुरुजी रांगत सोमीपाशी गेले. बंडी काढून त्यांनी तिच्या तोंडावर दाबली आणि तिच्याशी गोंडीत बोलत राहिले, तान्ह्या पोराशी बोलावं तसं. पाड्यावरच्या बाया सोमीकडं बघायचं सोडून त्यांच्याकडं बघत होत्या.

माझी आई आली आणि तिनं आधी मला एक थोबाडीत दिली. मग दंड धरून गदागदा हलवलं. "बोलत काऊन नव्हत्या वं तुमी? तोंडं शिवली होती काय तुमची?" मी पांढऱ्या दगडांकडं बोट केलं. तिला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा ती मटकन खाली बसली आणि दगडावर थुंकली.

सोमी जगली. पुढं काय काय झालं ते इथंच सांगून टाकते, म्हणजे माझ्या मनावरचा भार जाईल. तिचा डावा डोळा गेला, गाल आणि ओठ वाकडे शिवले गेले. तिचं लग्न झालं, पोरं झाली, नातवंडं झाली. पोरांना तिनं शाळेत घातलं, सगळ्यांना. पण शाळा भरली की बराच वेळ बाहेर ओसरीवर बसून राहायची, आत पोरं बोलतात की नाही ते ऐकत. बोलण्याचा गलका ऐकू आला की उठून कामाला जायची. मास्तर तिला खुळी समजत. चांद्याच्या बोर्डिंगातली ती जागा त्या वर्षी रिकामीच राहिली आणि पुढच्या वर्षी तिथं मी गेले. गुरुजींची बदली झाली, कुठं ते कोणी सांगितलं नाही. मी आयुष्यभर त्या माणसाला मनातून तळतळाट दिले आणि आयुष्यभर त्यांच्याच पद्धतीनं शिकवलं. यात काही जुळत नाही हे मलाही दिसतं. जुळवायला मी आता बसत नाही.

दोघांना एकाच बैलगाडीनं गडचिरोलीच्या दवाखान्यात नेलं होतं. सोमी आणि तिची आई तिथंच राहिल्या. गुरुजींची मांडी शिवून झाल्यावर ते आणि चैतूभाऊ त्याच गाडीनं परत आले.  शाळेपुढं गाडी थांबली. चैतूभाऊनं गुरुजींना धरून उतरवलं, ओसरीवर बसवलं, आणि गाडीतली कुऱ्हाड काढली. अर्धं गाव जमलं, पण मधे पडायची कोणाची छाती झाली नाही. पुढचं बोलणं गोंडीत झालं, मी आपलं मराठीत सांगते.

"तुझं गाव कोणतं?" चैतूभाऊनं विचारलं.

गुरुजींनी भामरागडच्या पलीकडचं, पावसाळ्यात वाटच बंद होते अशा कुठल्याशा पाड्याचं नाव सांगितलं.

"माय आहे?"

"नाही. मी बोर्डिंगात असताना गेली."

"तिच्याशी कोणत्या भाषेत बोलायचास?"

"सुटीत घरी जायचो तेव्हा ती गोंडीत बोलायची," गुरुजी म्हणाले. "मी उत्तर देत नसे. एक शब्द जरी तोंडातून निघाला तरी बोर्डिंगात कळेल आणि चामडी लोळवतील, असं वाटायचं. ती जेवायला वाढायची आणि माझ्या तोंडाकडं बघत बसायची. शेवटी शेवटी तिनंही बोलणं सोडलं."

"अन् तेच तू माझ्या पोरीला केलंस," चैतूभाऊ म्हणाला.

"हो."

चैतूभाऊनं कुऱ्हाड उचलली. गुरुजींनी मान बाजूला घेतली नाही. कुऱ्हाड त्यांच्या डोक्यावरून जाऊन मागच्या दाराच्या फळीत बसली आणि फळी वरपासून खालपर्यंत उभी फाटली. चैतूभाऊ ती उपटायचा, पुन्हा घालायचा. दार पडेस्तोवर तो थांबला नाही. मग घाम पुसून आम्हा सगळ्यांना ऐकू जाईल असं मराठीत म्हणाला, "पोरगी बरी झाली की तिले इचारीन. चांद्याले जातो म्हणन त धाडीन. मार तिनं खाल्ला, तिचं तिनं ठरवावं."

त्यानंतर गुरुजींनी फोक हातात धरला नाही. लंगडत लंगडत वर्गात यायचे आणि म्हणायचे, बोला, मराठी बोला, गोंडी बोला, काहीही बोला. कोणी बोललं नाही. ते गोंडीत एखादी गंमत सांगायचे आणि पोरं खाली माना घालून बसायची, हा नवा सापळा असेल म्हणून. एका दुपारी त्यांनी सगळ्यांपुढं हात जोडले. तेव्हा तर पोरं आणखीच घाबरली.

मोहाची फुलं संपता संपता डिप्टीसाहेब आले. जबलपूरकडचे, गोरेपान, स्वभावानं भले गृहस्थ, मराठी त्यांना येत नव्हती. या शाळेत इंग्रजीखेरीज काही बोलत नाहीत, हे त्यांच्या कानावर गेलं होतं आणि त्याचं त्यांना कोण कौतुक. फुटक्या दाराकडं त्यांनी एकदा पाहिलं, पण विचारलं नाही. सोमीला चैतूभाऊ घेऊन आला होता. आईचा पदर फाडून केलेलं फडकं तिच्या अर्ध्या तोंडावरून बांधलेलं. मी पुढच्या रांगेत बसले होते. माझ्या मनात एकच, बोल बाई, दोन वाक्यं इंग्रजीत बोल आणि सूट यातून, लसवाली बाई हो.

साहेबांनी इंग्रजीत विचारलं, या मुलीच्या तोंडाला काय झालं. गुरुजी तोंड उघडणार तोच सोमी उभी राहिली आणि गोंडीत सांगायला लागली. शिवलेल्या ओठांतून हवा निसटायची, पण शब्द कळत होते. साहेबांनी गुरुजींकडं पाहिलं. गुरुजी तिच्या शेजारी जाऊन उभे राहिले आणि ती बोलेल ते इंग्रजीत सांगू लागले.

"आम्ही फुलं वेचताना बोलतो," सोमी म्हणाली, आणि गुरुजींनी ते सांगितलं. "बोललं की अस्वल जातं." तेही सांगितलं. "इथं बोललं की हे मारायचे," सोमी त्यांच्याकडं बोट करून म्हणाली. मला दोन्ही भाषा कळत होत्या, त्यामुळं मी कान देऊन ऐकत होते की हा माणूस आता काय गाळतो. गुरुजी साहेबांना म्हणाले, "बोललं की मी मारत असे." "म्हणून मी गप्प होते," सोमी म्हणाली. "मी आहे, हे त्याला कळलंच नाही." त्यांनी तेही सांगितलं. एक अक्षर गाळलं नाही. त्यांच्या कपाळावरून घाम खाली येत होता आणि तो पुसायला त्यांनी हात वर केला नाही.

साहेब अस्वस्थ झाले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग ते म्हणाले की झालं ते फार वाईट झालं, पण मुलगी धीट आहे, हुशार आहे, आणि बोर्डिंगातली जागा तिचीच, तिला आणखी काही बोलून दाखवायची गरज नाही. गुरुजींनी ते गोंडीत सांगितलं.  मागं चैतूभाऊ खांबाला धरून उभा होता. माझा जीव भांड्यात पडला.

सोमीनं विचारलं, "तिथं मला बोलू देतील का? आता बोलते तसं?"

गुरुजींनी ते इंग्रजीत विचारलं. साहेब मायेनं हसले. तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "तिला सांगा, काही काळजी करू नकोस. वर्षभरात ही भाषा तिला आठवणारसुद्धा नाही."

गुरुजी सोमीकडं वळले. मला वाटलं, आता तरी हा माणूस खोटं बोलेल. देवा, एवढं एक खोटं बोलू दे याला. मग त्यांनी साहेबांचं वाक्य होतं तसं तिला सांगितलं.

सोमीनं तोंडावरचं फडकं सोडलं. साहेबांनी नजर वळवली नाही, त्यांना तेवढी माणुसकी होती. तिनं त्यांच्याकडं सरळ बघत मोठ्यानं म्हटलं, "नो, सर."

साहेबांचा चेहरा खुलला. ते गुरुजींकडं वळून म्हणाले, "वा, अशा स्थितीतही उच्चार किती स्वच्छ आहे."

"उच्चार नाही करून दाखवत, साहेब," गुरुजी म्हणाले. "ती बोर्डिंगात येत नाही म्हणते."